दिवाळीत बघू

आमच्या भाड्याच्या घरात पाच कॅलेंडरं आहेत. एक कालनिर्णय, दोन पतसंस्थांची, एक खताच्या दुकानाचं आणि एक मंचरच्या सराफाकडचं, लक्ष्मीच्या चित्राचं. पाहुणे आले की म्हणतात, "सर, तुम्ही फार वक्तशीर दिसता." मी विनयानं मान खाली घालतो. खरी गोष्ट अशी की हॉलमध्ये जिथे पोपडे सुटलेत तिथे कालनिर्णय आहे, स्वयंपाकघरात ओल चढलीय तिथे खतवाला, आणि जिथे गिलावाच पडून विटा बाहेर डोकावतात तिथे लक्ष्मी. सराफाचं कॅलेंडर सगळ्यात मोठं असतं, म्हणून हा मान तिला. डिसेंबर आला की बायको मला मंचरला पिटाळते. "यंदा जरा लांबरुंद बघून आणा. खालच्या अंगाला दोन बोटं उघडं पडलंय."

आम्ही राहतो डिंभ्याला. मंचरहून भीमाशंकरला निघालात की घोडेगाव, शिनोली मागं पडतं आणि पोखरीचा घाट लागायच्या आधी जिथे भाविक गाड्या थांबवून धरणाबरोबर सेल्फी काढतात, ते आमचं गाव. शाळेवर नेमणूक झाली तेव्हा दोन वर्षं काढू आणि पुण्याकडं सरकू, असा बेत होता. तेव्हा थोरली बालवाडीत होती, आता ती पुण्यात इंजिनिअरिंग करते. म्हणजे सरकली ती, आम्ही नाही. मधल्या काळात सरकारं आली-गेली, गॅसची टाकी कुठल्या कुठं गेली, पण घराला आतून दुसरा रंग काही लागला नाही. पहिला होता तो भिंतींनी आपणहून सोडला.

घरमालकांना सगळं गाव तात्या म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. माणूस लाखातला. तात्या मूळचे जुन्या आंबेगावचे. ज्या गावाचं नाव अख्ख्या तालुक्याला आहे, ते गाव आज पाण्याखाली आहे. घोड नदीवर डिंभे धरण झालं, मागं हुतात्मा बाबू गेनू सागर भरला आणि आंबेगाव त्यात गेलं. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो आणि तालुक्याचं नाव तळाशी बसलेलं आहे. तात्यांनी मग डिंभ्यात जागा घेऊन घर बांधलं, शेजारी भाड्याच्या खोल्या काढल्या आणि त्यातल्या एका बाजूला आम्ही येऊन पडलो.

ओलीची पहिली तक्रार घेऊन गेलो तो प्रसंग सांगतो. तात्या ओट्यावर तंबाखू मळत होते.

"तात्या, आतल्या खोलीच्या भिंतीला ओल आलीय."

तात्यांचा अंगठा थांबला. त्यांनी लांब धरणाकडं बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाले, "वल? सर, आमचं आख्खं गाव पान्यात हाये."

यावर माणसानं काय बोलावं? ज्याचा वाडा, गोठा, देऊळ, पार सगळं पाण्यात गेलं त्याच्यापुढं मी वीतभर ओलीचं गाऱ्हाणं मांडत होतो. मला माझी लाज वाटली. मी पुढच्या महिन्याचं भाडं तिथंच आगाऊ काढून दिलं आणि घरी आलो.

"काय म्हणाले?" बायकोनं विचारलं.

"त्यांचं गाव पाण्यात आहे."

"ते मला माहितीय. भिंतीचं काय म्हणाले?"

पुढं लक्षात आलं की हे उत्तर तात्यांना सगळीकडं चालतं. मोरीचा नळ गळतो म्हटलं की, "पान्याची किंमत आमाला इचारा, गाव दिलंय." दिवा लागत नाही म्हटलं की, "आंबेगावात कुटं व्हती लाइट?" एकदा तर मी नुसतं "तात्या, उंदीर फार झालेत" एवढंच म्हणालो, तर ते धरणाकडं वळायला लागले. मी विषय बदलला.

स्लॅबची गळती मात्र लपण्यातली नव्हती. डिंभ्यापासून पश्चिमेला जसजसं जावं तसतसा पाऊस वाढत जातो, आणि त्यातला जो भीमाशंकरापर्यंत पोचत नाही तो आमच्या आतल्या खोलीत येतो. थेंब बरोबर उशीवर पडायचा. आम्ही पलंग फिरवला, तर थेंबानंही जागा बदलली. असं करत करत पलंग आता खोलीत कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरका उभा आहे आणि त्यावर आम्ही दोघं ईशान्य-नैऋत्य झोपतो. वास्तुशास्त्रातलं कळणारे एक पाहुणे ते बघून फार प्रभावित झाले. सरकारनं इथून हाकेच्या अंतरावर भिंत घालून साडेतेरा टीएमसी पाणी अडवून दाखवलंय, पण आमच्या स्लॅबवरचं बादलीभर पाणी तात्यांना अडवता येत नाही. त्यांनी उपाय केला नाही असं नाही. वर निळी ताडपत्री टाकली, तिच्यावर धोंडे ठेवले. माकडांनी ताडपत्री फाडून नेली, धोंडे ठेवून गेली. आता स्लॅबला पाण्याचा भार आहे आणि धोंड्यांचाही.

"पाऊस सरू द्या," तात्या म्हणाले. "दिवाळीत बगू."

या वाक्यावर मी पुष्कळ वर्षं विश्वास ठेवला. मग शांतपणे बसून विचार केला की घरदुरुस्ती नेमकी कुठल्या महिन्यात होऊ शकते. जून-जुलैत गवंडी भाताच्या आवणीला जातो, आणि भिंत ओली असल्यानं रंग धरत नाही. श्रावणात भीमाशंकरची गर्दी, तात्यांचं रस्त्यावर नारळाचं दुकान असतं. मग गणपती, मग पितृपक्ष. पितृपक्षात चुन्याला हात लावत नाहीत म्हणे. दिवाळीच्या तोंडावर भाताची कापणी, नंतर झोडणी. तोवर गवंडी खालच्या अंगाला कांदालागवडीवर गेलेला असतो. महाशिवरात्रीला पुन्हा भीमाशंकर. चैत्रात गावोगावच्या यात्रा, त्यात पेंटर तमाशाच्या तंबूत सापडला तर सापडतो. उन्हाळ्यात वरच्या वाड्यांवर हिरडा गोळा करायची धांदल, शिवाय लग्नसराई. आणि एप्रिल-मेमध्ये एखादा गवंडी मोकळा मिळालाच, तर तात्या म्हणतात, "आता गिलाव्याला पानी कुटून आनायचं?" धरणाच्या उशाशी बसून हे वाक्य म्हणायला छाती लागते, पण ते खोटंही नसतं. तेव्हा हिशेब करता असं निघालं की दुरुस्तीला योग्य असा महिना पंचांगात नाही. आमच्याकडं पाच कॅलेंडरं आहेत, मी सगळ्यांत बघितलंय.

न्हाणीघराच्या दाराबद्दल सांगितलं नाही. ते पत्र्याचं आहे. होतं, असं म्हणावं लागेल, कारण खालचा वीतभर पत्रा गंजून गळून गेला. त्याचा फायदा असा की आत कोण आहे हे पायांवरून कळतं, हाक मारावी लागत नाही. कडी केव्हाच निखळली, त्यामुळं दार लावायचं तर आतून भरलेली बादली टेकवून ठेवायची. अंघोळीला जसजसं पाणी वापरावं तसतशी बादली हलकी होते आणि दार हळूहळू उघडू लागतं. आमच्या घरात त्यामुळं सगळेच झटपट अंघोळ करतात. सासूबाई आल्या तेव्हा मात्र दोन बादल्या लावाव्या लागल्या, एक अंघोळीची आणि एक अब्रूची.

सासूबाई गेल्यावर बायको म्हणाली, "बाबू गेनू याच तालुक्यातला ना? विदेशी कापडाच्या ट्रकपुढं आडवा झाला. तुम्हाला तात्यांपुढं उभ्यानं चार शब्द बोलवत नाहीत."

घाव वर्मी बसला. महाळुंगे पडवळच्या त्या गिरणी कामगारानं १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत जीव दिला. मी दरवर्षी त्या दिवशी मुलांना ही हकीकत भरल्या गळ्यानं सांगतो. तेव्हा मी कायदा वाचायला घेतला.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. कलम १४ वाचून मला गहिवरून आलं. करारात वेगळं ठरलं नसेल तर घर दुरुस्त आणि राहण्याजोगं ठेवणं ही मालकाची जबाबदारी! नोटीस दिल्यावर पंधरा दिवसांत त्यानं हालचाल केली नाही तर भाडेकरूनं स्वतः काम करून घ्यावं आणि खर्च भाड्यातून वळता करावा. फक्त तो खर्च वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यावर जाता कामा नये. आमचं भाडं महिना अडीच हजार, वर्षाचे तीस हजार, चौथा हिस्सा साडेसात हजार. मी लगेच घोडेगावहून एका पेंटरला बोलावलं. त्यानं भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं. ताटाएवढा गिलावा खाली आला. त्यानं तो बुटानं बाजूला सारला, चारी भिंती बघितल्या आणि म्हणाला, "साडेसातमदी खरवडून देतो. लांबी-बिंबी, रंग, ते पुढच्या वर्षीच्या भाड्यात बगा."

वकिली करणाऱ्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, आधी कायद्याचं परिशिष्ट बघ, ते कलम कुठल्या गावांना लागू आहे ते त्यात असतं. आणि करार काढ." करार अकरा महिन्यांचा होता आणि तो संपून किती गणपती उठले ते गणपतीलाच ठाऊक. तरी माळ्यावर चढून शोधला. कागद भिंतीच्या बाजूला ठेवल्यानं ओल पिऊन पिऊन पापडासारखा फुगला होता. सोडवायला गेलो तर भाडेकरूच्या जबाबदाऱ्यांचं पान माझ्या हातात आलं आणि मालकाच्या जबाबदाऱ्यांचं भिंतीला चिकटून राहिलं.

भाच्यानं मग २०२१ सालचा केंद्राचा आदर्श भाडेकरू कायदा पाठवला. हा नमुन्याचा कायदा, राज्यांनी आपापला करून घ्यावा म्हणून काढलेला. त्यात कामांची चक्क वाटणी आहे. भिंतींना सफेदी, दारं-खिडक्यांना रंग, नळाच्या पाइपलाइनी, वायरिंग हे मालकाकडं. नळाचं वायसर, बटणं, कुलपं, गटार साफ करणं, गिझर आणि बाथटबची दुरुस्ती हे भाडेकरूकडं. मी ही यादी तात्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. पहिला भाग चालू असताना तात्या कोंबड्यांना हाकलत होते. दुसरा भाग सुरू झाल्यावर ते एकदम लक्ष देऊन ऐकायला लागले.

"म्हंजे नळाचं वायसर तुमच्याकडं," ते म्हणाले.

"हो, पण त्याआधी भिंती..."

"आन् ते टबाचं काय म्हनला?"

"बाथटब. पण तात्या, आपल्याकडं टब कुठाय?"

"न्हाई ना? मग तुमच्या डोक्याला ताप न्हाई. बगा, सरकार तुमच्याच बाजूनं हाये."

तोंडी काम होत नाही म्हणून लेखी अर्ज केला. 'महोदय, वरील विषयास अनुसरून' अशी सुरुवात करून दीड पान लिहिलं. तात्यांचा चष्मा फुटलेला होता, त्यांनी अर्ज नातवाच्या हातात दिला. तो माझाच विद्यार्थी. पोरानं अंगणात उभं राहून खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. 'पोपडे' या शब्दावर एकदा अडखळला, मी सवयीनं दुरुस्त केलं. 'सबब विनंती' आलं तेव्हा तात्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"सर, पोरगं किती झ्याक वाचाय लागलं ओ. तुमच्यामुळं."

त्यांनी काकूंना हाक मारली, चहा आला, पोराला शाबासकी मिळाली. अर्जाची घडी घालून काकूंनी ती डळमळत्या टिपॉयच्या पायाखाली सरकवली. निदान त्यांच्या घरातली एक दुरुस्ती माझ्यामुळं झाली.

आणि माणसाचं तोंड बंद करायचे तात्यांकडं याहून वरचे मार्ग आहेत. नवं भात निघालं की इंद्रायणीची गोणी आमच्या दारात येते. सकाळी लवकर धरणावर गेले तर येताना रोहू घेऊन येतात, तोही साफ करून. मी निर्धार करून मुद्दे जुळवत बसावं आणि तात्यांनी दारातून "ताई, भाकऱ्या टाका, मासं आनल्यात" अशी आरोळी द्यावी. रोहूचं कालवण पानात असताना माणूस ओल या विषयावर परखड बोलू शकत नाही. काटा अडकतो.

गिरगावात माझे एक मामा आहेत, चाळीतले जुने भाडेकरू. त्यांच्यापाशी मन मोकळं केलं. मुंबईतला जुना भाडेकायदा १९४७ चा होता. त्यानं भाडी १ सप्टेंबर १९४० च्या आकड्याशी बांधून टाकली आणि मालकांनी चाळींकडं बघणं सोडलं. मामांनी सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला, "भाडं वाढवलंय का त्यानं?"

"नाही."

"किती वर्षांत?"

मी गप्प.

"मग भिंत कशाला बघतोस? पाठ करून बस."

इथं खरी गोम आहे, आणि ती मी बायकोला कधी सांगितलेली नाही. शेजारच्या खोल्यांत नवा पोरगा आलाय, तो आमच्याएवढ्याच जागेचे साडेचार हजार देतो. त्याच्या भिंती नव्या रंगाच्या आहेत, दाराला कडी आहे, आणि पंखा एक ते पाच अशा सगळ्या आकड्यांवर फिरतो. आमचा एकतर थांबलेला असतो किंवा पाचवर. एकदा तात्या आपणहून म्हणाले होते, "देऊ की रंग. मंग भाड्याचंबी जरा बगाय लागंल." त्यावर मी ताबडतोब म्हणालो, "छे छे, तात्या, ओल काय, पावसाळ्यापुरती असते." तात्या समाधानानं हसले. आमचं दोघांचं इतकं जुळतं ते उगाच नाही.

पण शेजारचा रंग बायकोला खुपायचा तो खुपलाच. तिनं तात्यांना रोखठोक विचारलं, "त्याला रंग लावून दिला, आम्हाला का नाही?"

तात्यांना खरोखरच वाईट वाटलं. "ताई, तो परका हाये. परक्याला दाखवाय लागतं. तुमी घरचं मान्सं. घरच्यांला कुटं रंग लावत्यात?"

मागं तात्यांच्या मुलीचं लग्न निघालं तेव्हा आम्हाला फार आशा होती. लग्नघर, दारात मांडव, म्हणजे रंग आला. आणि आला! पेंटर दोन दिवस आमच्या ओटीवर काम करत होता. लग्न उरकलं, मांडव सुटला आणि बघतो तर आमची पुढची भिंत मध्यापर्यंत पोपटी आणि तिथून पुढं पूर्वीचीच. मध्ये सूत लावून आखावी तशी उभी रेघ. कनात जिथे बांधली होती तिथे रंग थांबला होता, कारण त्यापलीकडं वरपक्षाला दिसणार नव्हतं. हल्ली पत्ता सांगताना सोपं जातं. "अर्ध्या पोपटी भिंतीचं घर" म्हटलं की एसटी स्टँडवरचं पोरगंही आणून सोडतं.

गेल्या उन्हाळ्यात धरणाचं पाणी बरंच खाली गेलं. जुन्या आंबेगावचे अवशेष उघडे पडले, तशी तात्यांनी आम्हा दोघांना त्यांचं घर दाखवायला नेलं. वाळलेल्या, भेगाळलेल्या गाळातून चालत गेलो. दगडी जोत्यांच्या ओळी दिसत होत्या. एका जोत्यापाशी तात्या थांबले, चप्पल काढून त्यावर चढले. हा उंबरा, हा माजघराचा कोपरा, इथं आज्याची खाट, असं दाखवू लागले. ऐकताना माझा गळा दाटून आला. मग त्यांनी वाकून एका चिऱ्यावर थाप मारली आणि छाती फुगवून म्हणाले, "बगा सर, इतकी वर्सं पान्यात हाये. चिरा हलला न्हाई!"

बायको शांतपणे म्हणाली, "तात्या, मग आमच्या घराची पायरी कशी हो हलली? ती तर कोरड्यात आहे."

तात्या कितीतरी वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्यो गवंडी येगळा व्हता."

परत आल्यावर शेवटचं अस्त्र बायकोनंच काढलं. तिनं नळावर सहज सोडून दिलं, "आम्ही बहुतेक खोली सोडणार." तासाभरात बातमी फिरली. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात पेंटर, गवंडी आणि प्लंबर असे तिघे हजर. हे तिघे एकाच वेळी मोकळे असू शकतात हे मी पहिल्यांदाच बघत होतो. गवंड्यानं स्लॅब बघितला, प्लंबरनं नळ मोजले, पेंटरनं कॅलेंडरं उचलून उचलून मागं बघितलं आणि प्रत्येक वेळी "आयला" म्हणाला. बायको माझ्याकडं विजयी मुद्रेनं बघत होती.

"कधी सुरू करताय?" मी विचारलं.

"तुमी सामान हलवलं की लगीच. तात्या म्हनले, नव्या मान्साला चकाचक पायजे."

मग रीतसर बैठक बसली. आम्ही सोडत नाही हे कळल्यावर तात्यांना आनंद झाला आणि तिघा कारागिरांना त्यांनी चहा पाजून वाटेला लावलं. बायको मात्र इरेला पेटली होती. शेवटी तोड निघाली ती अशी: आम्ही या महिन्यापासून नवे भाडेकरू समजायचे, भाडं साडेतीन हजार. भाडं पहिल्या तारखेपासून लागू झालंय, मी भरलंय. रंगाचं दिवाळीत बघायचं ठरलंय. कुठल्या दिवाळीत, ते बैठकीत निघालं नाही आणि चहा झाल्यावर विचारणं बरं दिसलं नसतं.

तुम्ही कधी भाड्यानं घर बघायला निघालात तर मालक दाखवतो त्या रंगवलेल्या खोल्यांवर जाऊ नका. शेजारी त्याचा सगळ्यात जुना भाडेकरू राहत असेल, त्याच्याकडं चहाला जा. डिंभ्याला येणार असाल तर सरळ आमच्याकडं या, अर्धी पोपटी भिंत लगेच दिसेल. फक्त खुर्ची हातभर पुढं ओढून बसा. टेकून बसलात तर शर्टाला चुना लागतो, आणि तो धुतल्यानं जात नाही.